एफवायबीएला इंग्लिश घेऊ का, आणि ओईला मजेचं काय घेता येईल?

टोमॅटोवाली:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. बारावी सायन्स झालं, 62 टक्के, सीईटीचं कृपया विचारू नका. घरी बरीच चर्चा (म्हणजे भांडणं) होऊन शेवटी पुण्यात आर्ट्सला ॲडमिशन घेतलीये. कॉलेज पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे, ऑटोनॉमस नाही. शुक्रवारपर्यंत विषयांचा फॉर्म भरायचाय आणि तो फॉर्म बघून मला बारावीचा फिजिक्सचा पेपर सोपा वाटायला लागलाय. विषय एक, विषय दोन, विषय तीन, मग ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. काउंटरवरच्या काकांना विचारलं तर म्हणाले बोर्डावर लावलंय, बोर्डावर बघितलं तर तिथे हीच अक्षरं अजून मोठ्या तक्त्यात.

तर प्रश्न असे. पप्पा म्हणतात इंग्लिश घे, इंग्रजी सुधारेल, इंग्रजी आलं की कुठंही चिकटशील. मामाचा मुलगा म्हणतो इंग्लिश म्हणजे शेक्सपिअर, तू सेमीवाली, फंदात पडू नको, पॉलिटिकल सायन्स आणि हिस्टरी घे, एमपीएससीला उपयोग होईल. मला खरं सांगायचं तर वाचायला आवडतं पण मराठी. इंग्रजी कादंबरी एकच पूर्ण वाचलीये, तीही दोन महिने लागले, अर्ध्या वेळी डिक्शनरीच उघडी होती. मग मी इंग्लिश घ्यावं का नाही?

दुसरं म्हणजे ओई. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीचा विषय असं एका सिनिअरने सांगितलं म्हणून मी खुशीत फिल्म अप्रिसिएशनवर टिक केली तर रूमवरची मैत्रीण म्हणते असलं काही घेऊ नको, सगळे ज्याला जातात तो सोपा पेपर घे, मार्क मिळतात. मजेचं असं काही घेता येतं का हो, की तीन वर्षं नुसती अक्षरंच?

एस३वाला:

स्वागत. सेमीवाली, सीईटीत आपटलेली आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी (अंदाज बरोबर ना?) म्हणजे तू आमच्यातलीच.

आधी पप्पांचा गैरसमज काढ, प्रेमाने काढ. कॉलेजात इंग्लिश नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि सगळा गोंधळ तिथे आहे. एक म्हणजे सगळ्यांना असतं ते, आमच्या वेळी त्याला कंपल्सरी म्हणायचे, त्यात धडे, पत्रलेखन, थोडं ग्रामर, मुलाखतीला काय बोलायचं वगैरे. आणि दुसरं म्हणजे विषय म्हणून घेतलेलं इंग्लिश, आमच्या वेळचं ऑप्शनल आणि पुढे स्पेशल. ते भाषा शिकवायला नसतंच, भाषा येते असं गृहीत धरून पुढे चालू होतं. आम्हाला एसवायला एस१ नाटक, एस२ कविता, टीवायला एस३ कादंबरी आणि एस४ समीक्षा. त्या एस४ मध्ये ॲरिस्टॉटल सुरू झाला तेव्हा आमच्या बाकावरचे दोघं जण उठले ते थेट परीक्षेला दिसले. म्हणजे इंग्रजी बोलता यावं म्हणून स्पेशल इंग्लिश घेणं म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून समुद्रशास्त्र घेण्यासारखं आहे.

पण म्हणून घेऊच नको असं मी म्हणणार नाही, कारण मी पण आष्टीहून आलेलो, दहावीपर्यंत सगळं मराठीत (सेमी पण नाही!), आणि मी घेतलं. पहिलं सेमिस्टर अक्षरशः रडलो. मॅडम वर्गात बोलायच्या ते कळायचं पण वहीत काय लिहायचं ते कळायचं नाही. आणि मला वाचवलं कुणी माहितीये का, फोनेटिक्सने, म्हणजे उच्चारांच्या शास्त्राने. लोक त्याला घाबरतात पण ते आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात सरळ आहे, कारण तिथे शहरातल्या कॉन्व्हेंटवाल्यालाही शून्यापासूनच सुरुवात करावी लागते. इंग्रजीचे 26 अक्षरं पण आवाज 44, त्यातले 20 स्वर आणि 24 व्यंजनं, प्रत्येकाला चिन्ह, पाठ केलं आणि कान उघडे ठेवले की गणितासारखे मार्क. आणि खरी मजा म्हणजे इंग्रजीचे आवाज शिकता शिकता आपल्याच भाषेचे ऐकू यायला लागतात. चहातला च आणि चमचा म्हणताना येणारा च, दोन वेगळे आहेत, म्हणून बघ. आणि चमचाचा चमच्याने केला की शेवटचा च परत चहासारखा होतो!! वीस वर्षं बोलत होतो, कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी मेसमध्ये मी सगळ्यांना चमचा चमच्याने म्हणायला लावत होतो, लोकांना वाटलं पोरगं गेलं हातचं.

कॉटबेसिस:

चमचा चमच्याने म्हणून बघितलं. रूममेट विचारतोय काय झालं.

ओईबद्दल मी सांगतो कारण माझी हौस फिटलीये. गेल्या वर्षी मी बीएला आणि सगळे जातात म्हणून गुंतवणुकीचा पेपर घेतला. सगळे जातात म्हणजे खरंच सगळे येतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही, सरांचा माइक बिघडलेला, तास दुपारी एकला म्हणजे मेस बंद व्हायची वेळ. निम्मी पोरं हजेरी लावून पसार. आणि शेवटी सोपा सोपा म्हणताना चक्रवाढ व्याजाचं गणित आलं, आणि मी आर्ट्सला आलोच होतो गणितापासून पळून. त्याच वेळी माझ्या मित्राने बॉटनीवाल्यांचा बागकामाचा ओई घेतला, आम्ही त्याला माळी माळी म्हणून चिडवलं, त्यांच्या वर्गात मोजून वीसेक जण, कॉलेजच्या मागे कुंड्या, प्रत्येकाला नावाने ओळखणाऱ्या मॅडम. मार्क त्याला जास्त. शिवाय त्याच्याकडे आता कढीपत्ता आहे.

त्यामुळे टाइमटेबल बघ आधी. विषय कितीही भारी असला तरी मेसच्या वेळेला धक्का लावणारा विषय घेऊ नये हे माझं स्पष्ट मत.

फळा_डस्टर:

मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, कुठल्या ते विचारू नका, फॉर्मच्या आठवड्यात असले प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकते त्यामुळे घसा बसलाय, टाइप करणं सोपं.

बाळा, पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नकोस, आत्ता घेतलेले तीन विषय जन्माचे नाहीत. नवीन शैक्षणिक धोरणाचा हा साचा ऑटोनॉमस कॉलेजांत 2023 ला आणि विद्यापीठाच्या बाकी कॉलेजांत 2024 ला आला, आणि त्यात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर, आणि तिसऱ्याला नमस्कार करायचा. म्हणजे तुला एक वर्ष चाखून बघायला मिळतंय, आमच्या पिढीला हे मिळालं नव्हतं. त्यामुळे इंग्लिश तिनातलं एक म्हणून जरूर घे, नाही जमलं तर जूनमध्ये सोडून दे. फक्त उरलेले दोन असे घे की त्यातला कुठलाही मेजर झाला तरी तुला चालेल. मुलं इथेच चुकतात, एक विषय मनापासून आणि दोन भरतीचे, आणि मग मनापासूनचा झेपला नाही की भरतीच्यातच तीन वर्षं काढतात.

दुसरं, ओईबद्दल तुझ्या सिनिअरने अर्धंच सांगितलं. ओपन म्हणजे वाट्टेल ते नव्हे, ओपन म्हणजे आपल्या शाखेच्या बाहेरचं. तू आर्ट्सची, त्यामुळे ओई तुला सायन्स किंवा कॉमर्सच्या यादीतनं घ्यावा लागेल. फिल्मचा पेपर जर आर्ट्सच्याच विभागाने काढलेला असेल तर तो सायन्स-कॉमर्सच्या मुलांसाठी आहे, तुझी टिक ऑफिसमधून परत येईल. दर वर्षी येते, मग मुलं शेवटच्या दिवशी उरलेल्या जागेवर जातात आणि तिथे कोण उरलेलं असतं ते वर कॉटबेसिसने लिहिलंच आहे.

बाकी अक्षरांचं थोडक्यात सांगते. एईसी म्हणजे भाषेचं, पप्पांना जे इंग्रजी हवंय ते तिथे आणि तुझ्या स्वतःच्या कष्टात मिळेल. व्हीईसी पर्यावरण किंवा संविधान असलं, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरा, यात निवडायला फारसं काही नसतं, तास करायचे. एसईसी मात्र नीट बघून घे, ते हातातल्या कौशल्याचं आहे. आणि दुसऱ्या सेमिस्टरला सीसी येईल, त्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, नाटक-संगीत, कॉलेज जे चालवत असेल ते. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे 30 तास आणि 50 मार्क, एवढं डोक्यात ठेवलंस की कुठल्या गोष्टीला किती रडायचं ते ठरवता येतं.

टोमॅटोवाली:

मॅडम खूप खूप थँक्यू, एवढं तर प्रॉस्पेक्टसमध्ये पण नव्हतं.

पण म्हणजे फिल्म नाही?? मी आत्ता परत यादी बघितली, खरंच खाली बारीक अक्षरात लिहिलंय की आर्ट्सवाल्यांना चालणार नाही. मग आम्हाला उरतं ते असं: वैयक्तिक गुंतवणूक, शेअर बाजार ओळख, जाहिरात, आहार आणि पोषण, बागकाम (कढीपत्ता!!), खगोलशास्त्राची ओळख, आणि रोजच्या वापरातली रसायनं. सायन्स सोडून आले आणि परत सायन्सच्याच दारात, घरच्यांना कळलं तर हसतील.

तीन विषय इंग्लिश, सायकॉलॉजी आणि मराठी असे मनात आहेत. एसईसीमध्ये अनुवाद कौशल्य असं एक आहे इंग्लिश विभागाचं, आणि दुसरं कम्प्युटर बेसिक. सगळे कम्प्युटर घेतायत.

प्रॅक्टिकल_बोला:

कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून लिहितो. इंग्लिश, सायकॉलॉजी, मराठी, अनुवाद, कढीपत्ता. छान आहे सगळं. पण गावाकडून आलेल्या मुलीला तीन वर्षांनी पगार पाहिजे. इंग्लिशमध्ये बीए करून लगेच काय मिळतं ते पण सांगा की. बीएड करायचं तर अजून दोन वर्षं, कॉलेजात शिकवायचं तर एमए, नेट-सेट, आणि मग तासिका तत्त्वावर वाट बघत बसा. मामाचा मुलगा चुकीचं बोलत नाहीये, पॉलिटिकल सायन्स घेतलं तर निदान संविधान, राज्यव्यवस्था हे स्पर्धा परीक्षेला कामाला येतं.

फळा_डस्टर:

प्रॅक्टिकल, तासिका तत्त्वाचं तुम्ही मला सांगू नका, मी त्यातच सात वर्षं काढलीयेत, त्यामुळे तुमच्या म्हणण्यातलं खरं ते खरंच आहे. पण स्पर्धा परीक्षेसाठी विषय घेणं आणि स्पर्धा परीक्षेला घाबरून विषय घेणं यात फरक आहे. तिने कुठे म्हटलं तिला एमपीएससी द्यायचीये? आणि द्यायचीच झाली तर राज्यव्यवस्था कुणालाही वेगळी वाचावीच लागते, बीएला कुठला विषय होता हे कुणी विचारत नाही. उलट आता उत्तरं लिहायची परीक्षा आली, तिथे ज्याला सलग चार परिच्छेद मुद्द्याला धरून लिहिता येतात त्याचं चालतं, आणि ती सवय भाषेच्या वर्गात लागते. लागते म्हणजे, झेरॉक्सच्या नोट्स पाठ न करणाऱ्याला लागते.

सबटायटलवाली:

अनुवादाचं नाव दिसलं म्हणून आले. मी त्याच एका पेपरच्या जिवावर पोट भरते असं म्हटलं तरी चालेल. बीए इंग्लिश, मग भाषांतराची छोटी छोटी कामं, आता ओटीटीवरच्या मराठी मालिका-सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स. पगार आयटीवाल्यांसारखा नाही, घरभाडं निघून वर थोडं उरतं.

टोमॅटोवाली, कम्प्युटर बेसिक तू यूट्यूबवर शीक, अनुवादाचा एसईसी घे. का ते सांगते. तुझी जी गोष्ट तुला कमीपणाची वाटतेय ना, की मी मराठी वाचणारी आहे, ती या कामात भांडवल आहे. इंग्रजी फाडफाड येणारे खूप आहेत, पण जुन्नरकडची म्हातारी काय बोलतेय ते कान देऊन ऐकणारे फार कमी. परवा एका सीनमध्ये आजी नातवाला म्हणते, "आलास? ये. बस. काही खाल्लंस का उगाच?" आता या उगाचचं काय करायचं! सबटायटलची एक ओळ साधारण 42 अक्षरांची, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि आजी पुढच्या वाक्याला पोचलेली असते. मी त्या उगाचवर पाऊण तास घालवला आणि शेवटी तो सोडून दिला, अजून टोचतोय.

आणि शेक्सपिअरची भीती घालणाऱ्या मामेभावाला सांग की आगरकरांनी हॅम्लेट 1883 साली मराठीत आणलाय, म्हणजे मराठी माणूस शेक्सपिअर मराठीतनं वाचतोय त्याला एकशेचाळीस वर्षं झाली. मी प्रत्येक नाटक आधी मराठीत वाचायचे मग इंग्रजीत, चोरी केल्यासारखं वाटायचं, नंतर कळलं की हीच खरी रीत आहे. आणि भारतीय इंग्रजी कवितेत अरुण कोलटकर लागतीलच कधीतरी. कोल्हापूरचा माणूस, मराठीतही लिहिणारा आणि इंग्रजीतही, 1976 साली जेजुरीवरची कवितांची मालिका इंग्रजीत पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या वर्षी तिला कॉमनवेल्थचं बक्षीस मिळालं. शब्द इतके साधे की डिक्शनरी लागत नाही. पण एसटीतनं उतरून देवाला जाणं म्हणजे काय हे ज्याला माहितीये त्याला त्यातलं जे कळतं ते वर्गातल्या कॉन्व्हेंटवाल्यांना मी समजावून सांगत होते, आयुष्यात पहिल्यांदा!

ओहायोकर:

माझी मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजला आहे. इथे पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग असो की काही, लिहायला शिकवणारा एक कोर्स जवळजवळ सगळीकडे करावाच लागतो, आठवड्याला काहीतरी लिहून द्यायचं, प्राध्यापक लाल करून परत देतात, परत लिहायचं. ती पहिल्या सेमिस्टरला रडत फोन करायची. आणि इथे सुरुवातीच्या दिवसांत वर्गात बसून बघून कोर्स बदलता येतो, तर तुमच्याकडेही तशी काही सोय आहे का बघावं. आणि एक कोर्स पूर्णपणे करिअरशी संबंध नसलेला घ्यावाच असं माझं मत. तिने मातीची भांडी घेतली होती. आमच्या घरात आता सात वाकडे मग आहेत.

कॉटबेसिस:

काका इथे कोर्स बदलायचा तर अर्ज, त्यावर एचओडीची सही, मग ऑफिस, मग सर्व्हर डाऊन. पण वर्गात बसून बघायची आयडिया चांगलीये, पहिल्या आठवड्यात कोण विचारतंय कुठल्या वर्गात बसलास, मी चुकून संस्कृतच्या तासाला दोन दिवस बसलो होतो.

@टोमॅटोवाली सीसीला नाटक असेल तर विचार करून घे हां. म्हणजे घेच, पण विचार करून. आमच्याकडे पुरुषोत्तमच्या (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) तालमी सुरू झाल्या की माणूस घरी फक्त आंघोळीला जातो. 1963 पासून ही स्पर्धा पुण्यातल्या पोरांची हजेरी खातेय. मी बॅकस्टेजला होतो, खुर्च्या उचलल्या, एकदा भरत नाट्य मंदिरात आमच्या नावाने "अरे आव्वाज कुणाचा" झालं तेव्हा अंगावर काटा आला तो अजून गेला नाहीये. 75 टक्के हजेरीचं बघ मात्र, तालीम होती हे कारण ऑफिसला चालत नाही.

दुर्बीण:

सगळे टोमॅटो टोमॅटो करताय आणि कुणी विचारलंच नाही. टोमॅटोवाली, तू नारायणगावची का?

टोमॅटोवाली:

हो!! खोडदच्या रस्त्याला आमचं रान आहे. कसं ओळखलंत?

दुर्बीण:

मार्केटला एवढा टोमॅटो येणारं गाव अजून कुठलं. मी ओतूरचा.

अगं मग तू खगोलशास्त्र सोडून दुसरा कुठला ओई घेऊच शकत नाहीस. तुमच्या रानातनं ज्या मोठ्या जाळीच्या डिश दिसतात ना, जीएमआरटी, त्या बघायला दुसऱ्या देशातनं लोक येतात. एकूण 30 आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यातल्या 14 खोडदला एका किलोमीटरच्या आत दाटीने आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूर दूर पसरलेल्या, म्हणजे आपण एसटीतनं जाताना मध्येच उसाच्या मागे एखादी उभी दिसते ती सुटी नाहीये, त्या सगळ्या मिळून एकच दुर्बीण आहे, पंचवीस किलोमीटर रुंदीची. मला हे बीएस्सीला कळलं. तोपर्यंत मी आणि माझा भाऊ समजत होतो की ते मिलिटरीचं आहे, पाकिस्तानचं ऐकायला लावलंय.

प्रत्यक्षात त्या आकाशातनं येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. साध्या आरशाच्या दुर्बिणीला जसा शहरातला उजेड नडतो तसा यांना रेडिओचा कलकलाट नडतो, मोबाईल, टीव्ही टॉवर, गाड्यांच्या स्पार्क प्लगच्या ठिणग्यासुद्धा. म्हणून शहरापासून लांब, डोंगराच्या आडोशाला आपला तालुका निवडला. आणि जाळी का, पत्रा का नाही, तर ज्या लहरी ऐकायच्या त्या लांबीने एवढ्या मोठ्या असतात की जाळीची भोकं त्यांना दिसतच नाहीत, त्या पत्र्यावरून परताव्यात तशा परततात, आणि वारा मात्र आरपार जातो म्हणून सांगाडा हलका करता आला. चाळणीतनं पीठ जातं आणि कोंडा राहतो तसं समज. हे गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञाचं डोकं, त्यांनी हे सगळं आपल्या इथे, कमी पैशात उभं केलं.

आर्ट्सच्या मुलांसाठीच्या ओईत गणित फार घेत नाहीत, आमच्या कॉलेजात तरी सरांनी राशी-नक्षत्रांपासून सुरुवात केली होती आणि एक रात्र आकाश बघायला नेलं होतं. शिवाय पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, खगोलशास्त्राची संशोधन संस्था, नारळीकरांनी उभी केलेली. आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडद सगळ्यांना खुलं असतं, ओईच्या प्रोजेक्टला अजून काय पाहिजे, घरी जाऊन जेवून ये आणि प्रोजेक्ट पण कर.

एस३वाला:

हे भारी आहे. चाळणीची उपमा मी चोरणार.

प्रॅक्टिकल_बोला:

ठीक आहे, मी ओतूर-नारायणगावच्या मध्ये पडत नाही. पण सायकॉलॉजी घेताना एक बघ, बऱ्याच ठिकाणी त्याला वर्गात गर्दी असते आणि पुढे प्रॅक्टिकलच्या बॅच असतात, जागा मोजक्या. फॉर्म शुक्रवारी नाही, बुधवारीच भर.

टोमॅटोवाली:

भरला! आजच भरला. इंग्लिश, सायकॉलॉजी, मराठी. सायकॉलॉजीच्या शेवटच्या अकरा जागा होत्या, प्रॅक्टिकल दादा तुमच्यामुळे मिळाली, तुम्ही वाईटपणा घेतलात त्याबद्दल थँक्यू. एसईसी अनुवाद, आम्ही फक्त नऊ जणी आहोत म्हणे, क्लास होईल की नाही तेच नक्की नाही, किमान पंधरा पाहिजेत असं ऑफिसमध्ये म्हणाले. मी मेसमध्ये प्रचार चालू केलाय, उगाचचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना विचारतेय, त्यातल्या दोघी येतो म्हणाल्या. ओई खगोलशास्त्र. तास सकाळी साडेसातला आहे, मेसला धक्का नाही, झोपेला आहे.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. इंग्लिशचं ऐकून खूश झाले, मी पोहण्याचं आणि समुद्रशास्त्राचं सांगितलं तर म्हणाले असू दे, पाण्याच्या जवळ तरी राहशील. मग ओईचं सांगितलं, त्या जाळीबद्दल, तीस मिळून एकच दुर्बीण आहे ते, वाय अक्षराचं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या बांधावरनं दिसणाऱ्या छत्र्या शिकायला तुला पुण्याला कॉट बेसिसवर ठेवलंय व्हय? महिन्याचे किती म्हणालीस?"

कॉटबेसिस:

पप्पांना माझा नमस्कार सांग. आणि येताना एक क्रेट आण, मेसमधल्या भाजीत टोमॅटो असल्याची नुसती अफवा आहे.